शेवटच्या ओळीतलं 'जाते'

ता. ४ मार्च

ती. मामास,
ठकीचा सा. न. वि. वि.

मामा, छापून आली! माझी गोष्ट छापून आली! तुझ्याच छापखान्यात मासिक छापतात, म्हणजे तुला माझ्याआधी कळलं असणार, तरी मला सांगू दे. पोस्टमन अंक टाकून गेला तेव्हा मी काजं करत बसले होते. पान एकोणचाळीस, वर माझं नाव, चांगलं ठसठशीत. मी दुकानभर नाचले. एक बाई कोटाचं माप द्यायला उभ्या होत्या, त्यांनाही धरून एक गिरकी मारली. आई त्यांना म्हणाली, पोरीला वेड लागलंय, तुम्ही आपले हात वर करा.

मग शेवटची ओळ वाचली आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. ही धाकट्या मावशीची गोष्ट आहे हे तुला सांगायला नको. तुझ्याच दोघी बहिणी. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आई तिला म्हणाली की तुझ्या हाताला वळण नाही, आणि मावशी गळ्यातली टेप काढून ठेवून निघाली. नऊ वर्षांची मी टेबलाखाली टाचण्या वेचत होते. उंबऱ्यात ती म्हणाली, 'जाते.' 'येते' नाही, 'जाते'! अकरा वर्षं दोघी बोलत नाहीत त्या या एका शब्दापायी. माझी अख्खी गोष्ट त्या शब्दासाठी लिहिलेली, आणि छापलंय काय, तर 'येते'! वाचणाऱ्याला वाटणार, बाई कोपऱ्यावर भाजी आणायला निघालीय. हा घोळ कोणी घातला? पुढच्या अंकात दुरुस्ती यायलाच हवी. संपादकांनाही लिहितेय.

लोभ आहेच, पण सध्या तो रागाखाली दबलाय.

तुझी,
ठकी

ता. ९ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसलो, मग घाम फुटला, कारण घोळ घालणारा मीच. एकतीस वर्षं मुद्रितं तपासतोय, बाळ. निघणारी बाई 'जाते' म्हणाली की पेन आपोआप चालतं. अगं, कुणी चुकून 'जाते' म्हणालं तर घरचं माणूस लगेच टोकतं, जाते काय, येते म्हण! मला वाटलं, छपाईचे खिळे जुळवणाऱ्याची चूक. तपासताना मी गोष्ट वाचतच नाही, अक्षरं वाचतो. गोष्टीत शिरलो तर चुका सुटतात.

लेखिकेला काय म्हणायचं होतं ते बघायला हवं होतं. चुकलो, कान धरतो. संपादकांनी तुझी चिठ्ठी माझ्या टेबलावर आणून ठेवली आहे. पुढच्या अंकात चौकट टाकून शुद्धिपत्र जाईल, "शेवटच्या ओळीत 'येते' ऐवजी 'जाते' वाचावे." झालं समाधान? एवढंच सांगतो, की आमच्याकडे पानं शिवणारी बाई तुझी गोष्ट वाचून रडली. म्हणाली, बरं झालं बाई, ती परत येणार आहे. तिला आता मी काय सांगू?

माझ्या पेनावर हवा तितका राग धर, माझ्यावर नको.

मामा

ता. १४ मार्च

चि. ठकीस,
मावशीचे अ. उ. आ.

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक मासिक विसरून गेलं. पान उलटते तर तुझं नाव! हातातली बाही तशीच राहिली.

टाचण्या वेचणारी पोर तू आणि ती फटकळ बाई मी, हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. सगळं जसंच्या तसं लिहिलंस, टेपसुद्धा. फक्त एक शब्द वेगळा. मी 'जाते' म्हणाले होते, ठके. मुद्दाम म्हणाले होते, ताईला लागावं म्हणून. तू टेबलाखालून माझ्याकडेच बघत होतीस, तुला ऐकू गेलं होतं. आणि तरी तू 'येते' लिहिलंस! म्हणजे मला बोलावलंस की गं. चार वेळा वाचलं, चारही वेळा रडले. दुकानातल्या बायकांना सांगितलं, डोळ्यात धागा गेलाय.

पण ताईचं काय? तिला चालेल का? यायला पाय उचलतो आणि पुन्हा धीर सुटतो. मासिक आता मी नेमानं घेणार आहे. पुढच्या अंकात तुझं काही आलं तर ते वाचून ठरवते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

मावशी

ता. १८ मार्च

मामा, नमस्कार-बिमस्कार पुढच्या पत्रात! शुद्धिपत्र थांबव!

मावशीचं पत्र आलंय. तिला वाटतंय 'येते' मी लिहिलं, तिला बोलवायला म्हणून! ती पुढच्या अंकाची वाट बघतेय, आणि त्यात माझ्याच नावानं 'जाते वाचावे' छापलेलं दिसलं तर? ती जन्मात इकडे फिरकायची नाही. आणि आई, मामा! आईनं गोष्ट तीनदा वाचली. आणि काल मावशीच्या मशीनवरून मांजर हाकललं आणि मशीनला तेल घातलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा!

मला काय म्हणायचं होतं ते गेलं खड्ड्यात. तू काहीही कर. पाया पडते.

ठकी

ता. २ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

शुद्धिपत्र काही थांबलं नाही. संपादक म्हणाले, लेखिकेनं स्वतः मागितलंय, जागा सोडून झालीय, चौकट जाणारच. मग शेवटचं मुद्रित रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आलं, आणि मी एक अक्षर बदललं. अंक सोबत आहे, पान दोन बघ. "शेवटच्या ओळीत 'येते' ऐवजी 'येते' वाचावे."

अंक बाहेर पडल्यावर संपादक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मान खाली घालून ऐकलं, आणि मनातून इतका खूश होतो की विचारू नकोस. मुद्दाम केलेली ही माझी पहिली चूक. पहिली की दुसरी, हे मात्र विचारायचं नाही.

धाकटी आता त्यातून काय वाचते ते तिच्या हातात. काही झालं तरी मामाला विसरू नका.

मामा

ता. ११ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि., एकदा नाही, शंभरदा!

आली! मावशी आली! आज सकाळी, एका हातात पिशवी आणि एका हातात अंक. दारातच मला सांगायला लागली की एकदा लिहून तुझं समाधान झालं नाही, म्हणून चौकटीत ठणकावून छापलंस ना, 'येते' म्हणजे 'येते'च, दुसरं काही वाचायचं नाही! ते वाचून उरलीसुरली भीती गेली म्हणाली.

मला राहवेना. मी तिथेच भडाभडा सगळं सांगून टाकलं, की मी 'जाते'च लिहिलं होतं, बाकी सगळे मामाचे उद्योग. सांगितलं आणि जीभ चावली. मावशीनं पिशवी खांद्याला अडकवली. वाटलं आता ही माघारी फिरतेय. मग म्हणाली की तू काय लिहिलं होतंस ते तुझ्यापाशी ठेव, मी जे वाचलं ते वाचून तीन तास बसमध्ये उभी राहून आलेय, वाटेतून बाजूला हो.

आवाज ऐकून आई बाहेर आली आणि दोघी गळ्यात पडून इतक्या रडल्या की मीही रडले. मग अर्ध्या तासात एका कोटाच्या खांद्यावरून भांडल्या, मग पुन्हा हसल्या. आता आत बसून माझीच गोष्ट एकमेकींना समजावून सांगताहेत, कुठल्या वाक्याचा काय अर्थ ते. मी मध्ये बोलायला गेले, की मला तसं म्हणायचं नव्हतं, तर आई म्हणाली, तू गप्प बस, तुला काय कळतंय त्यातलं!

लोभ कर, आणि पुढच्या रविवारी तूही ये.

तुझी,
ठकी