दहा मिनिटांची सुट्टी

आप्पा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण तुम्ही असतानाही आपलं बोलणं म्हणजे तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं एवढंच असायचं. गेल्या महिन्यात मात्र असं काही घडलं की ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही असं वाटलं. तुमच्या नातीबद्दल आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. ती आठ वर्षांची आहे आणि गेल्या जूनपासून शाळेत जात नाही. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मीच तिला शिकवते.

शाळेने तिला काढलं नाही, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही तिथेच अडाल. पण दर आठवड्याला मला बोलावणं यायचं. तिच्या बाई म्हणायच्या, "हुशार आहे हो, पण बूड टेकत नाही." मग तिला मागच्या भिंतीपाशी उभं करायला लागले, आणि ती सकाळी डबा बघितला की उलटी करायला लागली. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते, ते काम सोडलं. जावई सातपूरला कंपनीत आहेत, त्यांची शिफ्ट असते, त्यामुळे दिवसभर आम्ही दोघीच. शेजारपाजारच्या बायका जिन्यात थांबवून विचारायच्या, "काही आजार आहे का तिला?" मी नाही म्हणायचे. त्या मान हलवायच्या, पण त्यांचा विश्वास बसलेला नसायचा. आजार नाही यावर माझा मात्र पक्का विश्वास होता. ती मुद्दाम करते असं मला वाटायचं.

पहिले तीन महिने मी नऊ ते बारा असे सलग तीन तास टेबलाशी बसवायचे. साडेनऊ झाले की एक पाय खुर्चीवर यायचा, मग दुसरा, मग खुर्ची मागे डुलायला लागायची. भागाकार आला की हिला तहान लागायची. हातचा आला की शू लागायची. मी बाथरूमच्या दाराला कान लावून उभी राहायचे, आप्पा. नळाचा आवाज येतो की नुसतीच उड्या मारतेय, हे ऐकायचे. ती झोपली की तिची वही उघडून खाडाखोड कुठे आहे ते बघायचे. आणि एक दिवस, टेबलाखाली तिचे पाय चालले होते ते बघून, मी वाकून तिचे दोन्ही घोटे हातांनी धरले. किती जोरात धरले ते मला कळलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे नाही बघितलं, हातांकडे बघितलं. मी हात काढले तेव्हा तिच्या कातडीवर माझी बोटं उमटली होती.

त्या क्षणी मला ओझरचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी पाचवीत आहे. तुम्ही पहिल्या पाळीवरून घरी आला आहात. चपला काढल्या की तुम्ही आधी टीव्हीच्या पाठीला तळहात लावता, गरम आहे का बघायला. कारखान्यात दिवसभर तुम्ही तयार झालेले भाग मापात आहेत का ते तपासता. डोळ्यावर काही सोडायचं नाही, मोजायचं, हे तुमचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. टीव्ही गार आहे. तरी तुम्ही म्हणता, "लय लवकर बंद केलास आज." मी गणिताला बसते. दोन गणितं होतात आणि मी उठते, माठापर्यंत जाते, परत येते, परत उठते. तिसऱ्या वेळी तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढता आणि माझा उजवा पाय टेबलाच्या पायाला बांधता. आई चुलीपाशी भाकरी थापत असते. ती म्हणते, "अहो, पोरगी हाय ती, वासरू नाय." तुम्ही म्हणता, "बसायची सवय लागू दे तिला." मी वीस गणितं सोडवते. वीसच्या वीस बरोबर येतात. तुम्ही एकेक तपासता आणि म्हणता, "बघ. बसलीस की येतंय ना?"

आप्पा, मी बसले नव्हते. माझा डावा पाय मोकळा होता. तो मी पूर्ण वेळ फरशीच्या फुटक्या कडेवर घासत होते, अंगठा सोलवटला होता. ती गणितं त्या डाव्या पायावर सुटली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तोही बांधला असता, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ओझरच्या बाजारातून लाकडी मुठींची उड्या मारायची दोरी आणलीत आणि काही न बोलता टेबलावर ठेवलीत. मी तिला हातसुद्धा लावला नाही. दोरी घेतली की म्हणाल, बघा, हिचं लक्ष कुठे आहे. मला तो सापळा वाटला. आठवड्याने मी ती वर्गातल्या मुलीला देऊन टाकली. टेबलावर दोरी नाही हे तुमच्या लक्षात आलं होतं, तुम्ही दोनदा त्या जागेकडे बघितलंत, पण विचारलं नाहीत. तो सापळा होता की तुम्हाला वाईट वाटलं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. माझ्या सोयीचं उत्तर कुठलं ते मला माहीत आहे, म्हणूनच मी ते धरत नाही.

घोटे धरले त्या आठवड्यात मी मुलं घरी शिकवणाऱ्या आईबापांच्या एका गटात गेले. ते दर रविवारी एका बागेत जमतात. तिथे एक बाई म्हणाली, "वीस मिनिटं बसवा आणि दहा मिनिटं हलवा. ती मागायच्या आधी सुट्टी द्या. बक्षीस म्हणून देऊ नका, आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नका." मला ते पटलं नाही. इतकं सोपं असेल तर शाळा का करत नाही? आणि तीस मिनिटांतली दहा मिनिटं गेली तर अभ्यास कधी व्हायचा? पण दुसरं काही हातात नव्हतं. सोमवारपासून सुरू केलं. पहिल्या सुट्टीत भिंतीला दोन्ही हातांनी ढकलायचं, जणू भिंत मागे सरकवायची आहे. दुसरीत गच्चीवरच्या कुंड्यांना छोट्या बादलीने पाणी नेऊन घालायचं. तिसरीत पॅसेजमध्ये बेडूकउड्या. चौथ्या दिवशी तिने भागाकाराचं पान एका बैठकीत संपवलं. मी पान उलटून पाहिलं, मागे उत्तरं लिहिलेली आहेत का.

बेडूकउड्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाई वैतागल्या, झाडूच्या दांड्याने त्यांच्या छताला ठोकायला लागल्या. म्हणून अकरा वाजताची सुट्टी मी खाली पार्किंगमध्ये हलवली. जिन्याने उतरायचं, दहा मिनिटं पळायचं, वर यायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं, पण अर्धं पार्किंग दिसत नाही. सुरुवातीला ती वेळेवर यायची. मग दहाची तेरा मिनिटं झाली, तेराची अठरा. बोटांना खडू लागलेला. एकदा फ्रॉकच्या खिशात शेंगदाण्याची सालं सापडली. आम्ही घरात शेंगदाणे आणले नव्हते.

"खाली काय करतेस?"

"काही नाही. चालते."

"चालून खडू लागतो?"

तिने हात पाठीमागे लपवले. तुमच्यापुढे मी जशी लपवायचे तशीच.

मुलीची आई काय काय मनात आणते ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी ती उतरली आणि पाच मिनिटांनी मी चपला हातात घेऊन, आवाज न करता जिना उतरले. पार्किंगच्या न दिसणाऱ्या भागात, शेवटच्या खांबापाशी, तळमजल्यावरचे काका होते. ते पूर्वी एसटीत ड्रायव्हर होते. थंडीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. मुलगा-सून कामाला जातात, ते दिवसभर एकटे असतात, एवढं मला ठाऊक होतं. त्यांचा डावा हात माझ्या मुलीच्या खांद्यावर होता. मी बाकी काही बघितलं नाही. धावत गेले, तिला दंड धरून ओढलं. काका तोल जाऊन खांबावर आदळले.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" मी ओरडले. फाटकापाशी भाजीच्या गाडीवर चार बायका होत्या, त्या सगळ्या वळल्या. काकांचं तोंड उघडलं, ओठ वाकडे झाले, शब्द येईना. "सात," ते म्हणाले. "सात... सात..." मला वाटलं ते बरळताहेत. मुलगी किंचाळली, "आई, सोड! ते पडतील ना!" मी तिला ओढत वर आणलं.

वर आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग तुटक तुटक सगळं सांगितलं. डॉक्टरांनी खालच्या आजोबांना रोज वीस फेऱ्या सांगितल्या आहेत. ते पाच फेऱ्यांतच बसून घ्यायचे. शिवाय सातच्या पुढे त्यांना आकडे येत नाहीत, सातनंतर एकदम अकरा म्हणतात आणि मग स्वतःवरच चिडतात. म्हणून ती सोबत चालते आणि प्रत्येक फेरीला खांबावर खडूने रेघ मारते. पाच झाल्या की आडवी रेघ. शेंगदाणे त्यांची सून वाटीत ठेवून जाते, ते अर्धे हिला देतात.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "मी रोज विचारत होते."

ती म्हणाली, "तू विचारत नाहीस. तू तपासतेस."

मी उठून ओट्यापाशी गेले आणि उगाच नळ सोडला. लेकरू माझं होतं, पण ते मला एकटीला म्हणालं असं वाटेना, आप्पा.

मी सावध राहिले यात चूक नव्हती, हे मी अजूनही म्हणते. आईने बघावंच. मुलगी कुणासोबत आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवं होतं, आणि त्यासाठी तिच्यासोबत एकदा खाली उतरणं पुरेसं होतं. तेवढं मी केलं नाही. मी दबा धरला. तिला चुकताना पकडायचंच मी आधी ठरवलं होतं, म्हणून जे समोर होतं ते दिसलंच नाही.

त्यानंतर आठ दिवस काका खाली आले नाहीत. आणि घरात एक वेगळीच गोष्ट झाली. माझी मुलगी बसायला लागली. नऊ वाजता खुर्चीवर, पाय खाली, हात टेबलावर. सुट्टी दिली तरी उठेना. "नको," म्हणायची. सगळी गणितं बरोबर. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, हे लपवत नाही. तिसऱ्या दिवशी मी टेबलाखाली वाकून बघितलं. पाय हलत नव्हते. दोन्ही पाय असे ठेवलेले होते जसे दुसऱ्या कुणाचे असावेत. पाचव्या दिवशी तिने सकाळी डबाही नसताना उलटी केली.

नवव्या दिवशी, रविवारी, मी तिला घेऊन तळमजल्यावर गेले. सुनेने दार उघडलं. तिला सगळं कळलेलं असणार, भाजीच्या गाडीवरून एव्हाना साऱ्या गल्लीला कळलं होतं. ती आवाज चढवेल म्हणून मी तयारीत होते. ती एवढंच म्हणाली, "ताई, ते खाली यायला नको म्हणतात. बसूनच असतात. पायाला सूज आलीये." काका खिडकीपाशी खुर्चीत होते. आम्हाला बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. माझी मुलगी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, खांबावर सातच रेघा आहेत. त्या दिवशीच्या तेरा राहिल्या."

ते माझ्याकडे बघत होते. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. परवानगी मागत असल्यासारखे. सत्तरीचा माणूस, ज्याने आयुष्यभर पन्नास-पन्नास माणसांना घाट उतरवून आणलं. मी म्हणाले, "काका, उद्यापासून मीही येते. अकरा वाजता."  त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर टेकला आणि म्हणाले, "उद्या कशाला?"

खुर्चीतून उठायलाच त्यांना किती वेळ लागला. मी पुढे झाले तर मुलीने मला हाताने थांबवलं, "त्यांचं त्यांना उठू दे." आम्ही तिघं पार्किंगमध्ये गेलो. त्या दिवशी चारच फेऱ्या झाल्या. आता बारा-तेरा होतात. मी मागून चालते, पदर खोचून, आणि माझ्या लक्षात आलंय की मीही त्या दहा मिनिटांची वाट बघत असते. तुमची नात परत वर येऊन खुर्ची डुलवते. सकाळी नीट खाते. गेल्या गुरुवारी काका सातनंतर आठ म्हणाले, मग थांबले, आणि दोघंही माझ्याकडे वळून बघायला लागले, मी ऐकलं का म्हणून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. घडी घालून तिच्या जुन्या वहीत ठेवून देईन. एकच गोष्ट राहिली. त्या रविवारी वर आल्यावर मुलीने विचारलं, "आई, तू आजोबांना सॉरी म्हणालीस ना? मला ऐकू नाही आलं." मी म्हणाले, "हो, तू पुढे होतीस तेव्हा म्हणाले." आप्पा, मी म्हणाले नव्हते. अजूनही म्हटलेलं नाही. आणि तिने ते तपासलं नाही. लगेच खरं मानलं.