सनबेडवरची पाळत

८ जानेवारी, गुरुवार, संध्याकाळी
लिहिता येत नाही, म्हणून फोनला सांगते आहे. तो उतरवून घेतो म्हणे. खरं उतरवतो की खोटं ते मला वाचता येत नाही, त्यामुळे आमच्यात भांडण नाही.

नातीच्या बाळंतपणासाठी इथे येऊन राहिले आहे. तिला पाचवा महिना. आज पार्लरमधून आली ती करपट वास घेऊनच. विचारलं, काय जाळून आलीस? म्हणाली, काही नाही गं आजी, सनबेड. म्हणजे काय, तर एक पेटी. खाली दिवे, वर दिवे, मध्ये आपण. कपडे काढून आत पडायचं, झाकण ओढून घ्यायचं आणि रंग चढेपर्यंत भाजून निघायचं. तेही पदरचे पैसे मोजून. शी.

कशासाठी, तर मैत्रिणीचं लग्न आहे आणि थंडीत ही उकडलेल्या बटाट्यासारखी दिसते. म्हटलं, बये, पोटात दुसरा बटाटा असताना पहिल्याला कोणी भाजत नाही. हसली नाही.

निश्चय: या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसणाऱ्यातली मी नाही.

जेवणानंतर
जेवताना एकच वाक्य बोलले. ते जरा लांबलं. नातजावई दोनदा पाणी आणायला उठला.

१२ जानेवारी, दुपारी
नातीबरोबर तपासणीला गेले. ती डॉक्टरांना काही विचारणार नाही हे ओळखून नर्सला मीच विचारलं. नाक नाही खुपसलं, चौकशी केली. नर्स सरळ बाई. म्हणाली, त्या दिव्यांनी बाळाला थेट इजा होते असं ठाम कोणी सांगू शकत नाही. पण पोटुशीचं अंग फार तापणं चांगलं नाही. तिला दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिडवरही तो उजेड परिणाम करू शकतो. या दिवसांत कातडी लवकर भाजते, तोंडावर डाग उठतात. आणि कातडीच्या कॅन्सरची भीती तर पोटुशी असो नसो, सगळ्यांनाच. तेव्हा लांब राहा.

नात मान खाली घालून ऐकत होती. वाटेत एक शब्द बोलली नाही. तिचं गप्प बसणं मी लहानपणापासून ओळखते. फ्रॉकच्या खिशात गोळी लपवली की अशीच बसायची. म्हणजे ही जाणार. पुन्हा जाणारच.

तिला सांगून उपयोग नाही. युक्ती काढली आहे. पार्लरमध्ये पेटी एकच. हिची वेळ गुरुवारी चारची. ती वेळ मीच घेऊन टाकायची. पेटीत मी, तर ती कुठून शिरणार? इतकं साधं कोणाला सुचलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
जाऊन आले. इतकी घाण जागा जन्मात पाहिली नाही.

मालकीण गाजराच्या रंगाची. मान गाजर, हात गाजर, फक्त तळवे माणसाचे. हसली की चेहऱ्याला चुण्या पडतात आणि चुण्यांच्या आत पांढरं दिसतं. खोलीत दमट वास, वरून नारळाचं सेंट मारलेलं. डोळ्यांवर लावायला चष्मा दिला, त्याच्या रबरात कोणाचा तरी लांब केस. पेटीच्या काचेवर आधीच्या बाईच्या पाठीचा घामट ठसा. मालकिणीने कागदाचा बोळा फिरवला आणि म्हणाली, या आजी, स्वच्छ आहे. ठसा होता तिथेच होता, फक्त रुंद झाला.

वय विचारलं. सांगितलं, थोडं मागचं. गोळ्या चालू आहेत का विचारलं, काही गोळ्यांनी म्हणे या दिव्यांखाली कातडी लवकर भाजते. नाही म्हटलं. बीपीची गोळी ही काही गोळी नव्हे, ती सवय आहे.

पडले. झाकण आलं. निळा उजेड आणि भुंगे घोंघावल्यासारखा आवाज. किळस येत होती, पण नातवंडासाठी माणूस काय करत नाही.

एक नोंद करून ठेवते: गुडघ्याला जरा बरं वाटलं. त्याचा इथे संबंध नाही.

२२ जानेवारी, गुरुवार
पुन्हा गेले. नात आलीच नाही. युक्ती लागू पडली. आपली वेळ गेली हे पाहून पोर हिरमुसून घरी बसली असणार. घरी आले तर खरंच बसली होती, बाळाच्या टोपीचे टाके मोजत. किती साळसूद चेहरा करावा माणसाने.

पहिली खेप फुकट होती. ही नव्हती. ते फोनला सांगायचं कारण नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
मनात आलं, गुरुवार मिळत नाही म्हणून ती मंगळवारी गेली तर? म्हणून मंगळवारीही जाऊन पडले. आली नाही. माझा वचक आहे.

मालकिणीने दहा खेपांचं कार्ड सुचवलं. घेतलं. पहारा द्यायचा तर नीट द्यावा. पेटीत शिरायच्या आधी आता मी स्वतःच पुसून घेते, घरून नेलेल्या फडक्याने. फडकं कपाटात लपवते. त्याला वास येतो. कपाटालाही यायला लागला आहे.

३ फेब्रुवारी, सकाळी
नात म्हणाली, आजी, तुझं नाक का सोलतंय? म्हटलं, वारा. म्हणाली, पाठपण? तेव्हा लक्षात आलं की मी पाठ खाजवत होते. म्हटलं, वारा मागूनही येतो.

उशीवर कातडीचे पापुद्रे पडतात. पाल कात टाकते तशी मी. किळस आली. झटकून खिडकीतून खाली टाकले, ते खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडले. ती वर बघून बोलली. मी कुंडी बघत होते.

संध्याकाळी
नातजावई रंगाच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा ढलपा घेऊन येतं, हा नुसत्या नजरेने तसाच रंग कालवून देतो. आज चहा पिताना मला न्याहाळत होता. म्हणाला, आजी, तुम्ही आलात तेव्हापेक्षा दोन शेड पुढे गेलात, आणि मानेखाली पॅच आहे. म्हटलं, मी भिंत आहे का? म्हणाला, भिंत असती तर घासून पुन्हा हात मारावा लागला असता. नात हसून हसून पोट धरून बसली. पोट धरून हसू नये या दिवसांत, असं मी म्हटलं. तिच्या काळजीपोटी.

हाही पार्लरच्या बाजूने आहे की काय कोण जाणे.

१० फेब्रुवारी, मंगळवार
मालकीण माझ्यावर खूष आहे. म्हणाली, आजी, तुमच्याइतकं नेमाने कोणी येत नाही. एक फोटो काढू का? म्हटलं, छे, मला असलं काही आवडत नाही. मग म्हटलं, डावीकडून काढ, उजवीकडे दात नाही. मागे निळे दिवे आले. बरा आला असं तीच म्हणाली.

खरं तर एक शब्द मालकिणीला सांगितला असता, की अमुक मुलगी पोटुशी आहे, तिला आत घेऊ नकोस, तरी काम झालं असतं. हे आज पेटीत पडल्या पडल्या सुचलं. पण घरची गोष्ट बाहेर कशाला? शिवाय मग मला इथे यायला काय कारण उरलं असतं? म्हणजे पहाऱ्याला.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सोमवार माझ्या ध्यानातच नव्हता.

दुपारी नात घरी आली आणि दारातच खाली बसली. अंग तापलेलं, ओठ पांढरे, आणि तोच करपट वास. पाणी दिलं. गरगरतंय म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने फोन पुढे केला. त्यात मी. निळे दिवे, डावी बाजू. पार्लरने जगाला दाखवलाय. खाली लिहिलेलं तिने वाचून दाखवलं: आमच्या आजी, नेमाने येतात, वयाची अट नाही, काळजी नाही.

मग सांगितलं तिने, हळूच, भांडत नव्हती. नर्सने सांगितलं त्या दिवसापासून तिने सोडलं होतं. घाबरली होती, म्हणून वाटेत बोलली नव्हती. काल हा फोटो पाहिला. म्हणाली, आजी, तू दूध दोनदा उकळतेस. लिफ्टमध्ये एकटी चढत नाहीस. नर्ससमोर तूच बसली होतीस, तूच विचारलंस. तरी तू जातेस, म्हटल्यावर मला वाटलं, नर्स उगाच घाबरवते. आजीने चौकशी केली असणार.

मी म्हणाले, मी पहारा देत होते. कोणावर, विचारलं तिने.

नातजावयाला बोलावलं. दवाखान्यात नेलं. पोटावर ते यंत्र फिरवत होते तेव्हा मी भिंतीकडे बघत उभी. बराच वेळ नुसती खरखर. मग लागलं. टकटक टकटक, घाईघाईने. नर्स म्हणाली, बाळ ठीक आहे, हिला अंग तापून चक्कर आली, पाणी पाजा, झोपवा, आणि पुन्हा नाही.

मग माझ्याकडे वळली. माझी बाही वर केली, खांद्याच्या मागचा एक काळा तीळ बघत राहिली. कधीपासून आहे विचारलं. म्हटलं, पाठीमागचं मला काय माहीत. कातडीच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं, लवकर. गोळ्या कोणत्या चालू आहेत विचारलं. नातीने सांगितलं, बीपीची.

घरी येऊन आरशात पाहिलं. मान गाजर. तळवे माणसाचे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पार्लरमध्ये गेले, फोटो काढून टाक म्हणायला. फोटोपायी नातीचं पोर धोक्यात आलं, सगळं सांगितलं. मालकीण म्हणाली, काढते, पण कार्डावरच्या उरलेल्या खेपा परत होत नाहीत. ते मी विचारलंच नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, पण फोटोचं आधी विचारलं.

बाकावर एक बाई बसली होती, ढगळ शर्टातली, हात पोटावर. तो हात मी ओळखते. तिच्याशेजारी बसले आणि नर्सने सांगितलेलं सगळं सांगितलं, अंग तापणं, फॉलिक अ‍ॅसिड, डाग, कॅन्सर, एकही गोष्ट गाळली नाही. मालकिणीलाही हाक मारून सांगितलं, ही पोटुशी आहे. मालकिणीने तिला विचारलं. ती नाही म्हणाली.

मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं तिने. म्हणाली, तुम्ही फोटोतल्या आजी ना? किती छान रंग आलाय तुम्हाला.

आणि चपला जोडीने बाहेर काढून ठेवून आत गेली.