विहीणबाईंचा देश

डब्लिन, ओहायो
८ मार्च

ती. श्रीराममामास शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आता मधे बोलून दाखव!

परवा तुमच्याकडचं जेवण झकास झालं. रेणूमामीची भरली वांगी बास्तियाँला इतकी आवडली, की त्याने रस्साही पुसून खाल्ला. पण होणाऱ्या फ्रेंच जावयाला भरल्या ताटावर तू ऐकवलंस, की महायुद्धात आम्ही तुम्हाला सोडवलं आणि आता तुम्ही आमच्यावरच डोळे वटारता. मामा, ‘आम्ही’ म्हणजे कोण? तेव्हा माझे आजोबा, म्हणजे तुझे वडील, वाईच्या शाळेत होते! शिवाय फ्रेंच लोक सदा संपावर, पॅरिस रोज पेटलेलं आणि आंघोळीचा कंटाळा, हेही सांगून झालं.

परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, की तुझ्या मामांना मी आवडलो नाही. हे मला लागलं. दोन सरकारं टॅरिफवरून भांडतात, ते भांडण माझ्या लग्नात कशाला?

रागावलेली, तरी तुझीच
आश्लेषा


नोव्हाय, मिशिगन
१६ मार्च

चि. आश्लेषास अनेक आशीर्वाद.

पत्र मामीने मोठ्याने वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा जास्त चवीने.

आंघोळीबद्दल मी काही बोललो नाही, फक्त तिकडे पाणी मुबलक असतं का, एवढं विचारलं. मुलगा चांगला आहे. पण जन्मभर गाड्यांचे ब्रेक तपासलेला माणूस मी, दाबून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आणि टीव्हीवर रोज जळते टायर दिसतात, उद्या तू तिकडे राहायला गेलीस तर, अशी धास्ती वाटते.

त्याच्या आई लग्नाला कधी येतात ते कळव. विमानतळावर मी जाईन.

तुझा (टीव्ही कमी केलेला)
मामा


डब्लिन
२ एप्रिल

ती. मामास सा. न.

बास्तियाँच्या आई, ओदिल, येत नाहीत. तिकीट कॅन्सल केलं. त्यांच्या टीव्हीवर अमेरिका म्हणजे दुकानादुकानात गोळीबार, आणि विमानतळावर फोन तपासून परत पाठवणी. बास्तियाँला वडील नाहीत. आईशिवाय लग्न नको, पुढे ढकलू या, म्हणतो. काल दिवसभर आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

आज तुझ्याशी भांडायचंही त्राण नाही.

आश्लेषा


लिऑन, फ्रान्स
२० एप्रिल

चि. आश्लेषास आशीर्वाद.

पाकिटावरचं तिकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघं खरंच इथे आहोत. तुझं पत्र वाचून मी भडकलो. नोव्हायमध्ये शेजारी न सांगता आमच्या दारातला बर्फ काढतो, आणि या बाई म्हणतात गोळीबार! न बघता कुणाच्या देशाला नावं ठेवायची म्हणजे काय? मामीने तुझं मार्चमधलं पत्र माझ्यापुढे ठेवलं. मग तिनेच विमानाची तिकिटं काढली. बास्तियाँकडून पत्ता घेतला आणि तुला सांगू नको म्हणून बजावलं.

पॅरिस पेटलेलं नव्हतं. रेल्वेचा संप मात्र होता, तेव्हा टीव्ही अगदीच खोटा नाही. स्टेशनवर एका अनोळखी बाईने आपला पाव मोडून आम्हाला दिला.

ओदिलबाई निवृत्त नर्स आहेत. मोबाइल भाषांतर करतो, त्यावर आमचं चालतं. पहिला प्रश्न, बंदूक घरी ठेवून आलात ना? मी बॅग उघडून चकल्या दाखवल्या. संध्याकाळी त्यांच्या बातम्यांत डेट्रॉइटची भयाण घरं दाखवली. मी म्हटलं, माझं घर तिथून जवळच आहे, आणि आमच्याकडे सगळ्यात मोठा दरोडा म्हणजे खारी ट्यूलिपचे कांदे पळवतात. बाई खळखळून हसल्या आणि मग एकदम रडल्या. विमानतळाची भीती आहेच, म्हणाल्या, पण मुलगा कायमचा तिकडचा झाला तर काय, ही त्याहून मोठी. पोरी, माझी आईही हेच म्हणायची. मामी त्यांचा हात धरून बसून राहिली.

काल सकाळी त्यांनी स्वतःहून विचारलं, तुमच्याच विमानात जागा मिळेल का. मिळाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिघं येतो. बास्तियाँला म्हणावं, लग्नाची तारीख हलवायची नाही, मामांचा हुकूम आहे.

एकच पेच उरला. विहीणबाईंना लग्नासाठी गावाकडचं कच्च्या दुधाचं मऊ चीज आणायचंय. अमेरिकेत ते जप्त करतील, असं सांगितल्यावर त्या आपल्या अमेरिकेबद्दल जे काही बोलल्या, त्याचं भाषांतर करायला मोबाइलनेही नकार दिला. मला मात्र सगळं समजलं, आणि पटलंही.

माया आहे, ती तुम्हा दोघांत सारखी वाटून घ्या.

तुझा
मामा