ग्रीकाची भाकरी

बाबा, तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे ऑकलंडला राहायला आली. अवोन्डेलच्या याच घरात तुम्ही दोघं एकदा सहा महिने राहून गेला होतात, आणि तुमचा एक जुना विद्यार्थी हॅमिल्टनहून गाडी हाकत खास तुम्हाला भेटायला आला होता. तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

तुम्ही दोघं डेकवर उन्हात बसला आहात. विषय तुमच्या लाडक्या ग्रीक तत्त्वज्ञाचा, तो मित्रांना घेऊन बागेत राहणारा. लोक त्याला उगाच ऐषारामी समजतात, तुम्ही सांगताय. शरीराला दुखणं नाही, मनाला घोर नाही, एवढंच त्याचं सुख. पाव, पाणी आणि चीजचा तुकडा मिळाला की झाली मेजवानी. "मला तरी काय लागतं? भाकरी आणि चार माणसं." विद्यार्थी भारावून म्हणतो, "सर, जगायचं कसं ते तुमच्याकडून शिकलो." आत तव्याच्या धुरानं स्मोक अलार्म केकाटतो आहे. आई एका हातानं टी-टॉवेल हलवून धूर घालवते आहे, दुसऱ्या हातानं भाकरी उलटते आहे. "अगं, ते बंद कर जरा, इथं बोलणं ऐकू येत नाही," तुम्ही डेकवरून ओरडताय.

तुमची भाकरी साधीच असायची, पण ती तव्यावरून थेट ताटात यावी लागे. निवलेली तुम्ही एक शब्द न बोलता बाजूला सारायचात, आणि लोक त्याला तुमचा शांत स्वभाव म्हणायचे. बाजूला सारलेल्या भाकऱ्या कोण खातं, हे इतकी वर्षं सुख शिकवूनही तुमच्या वर्गात कोणी विचारलं नाही. त्या ग्रीकाच्या बागेतही कोणीतरी पीठ मळत असेलच की. मला राग येतो बाबा, तुमचा, त्याचा आणि एकूणच समाधानी माणसांचा.

गेल्या रविवारी मी बाजारातून मेथी आणली, भाकऱ्या थापल्या आणि पहिली आईला वाढली. टम्म फुगलेली, वर लोण्याचा गोळा. आई ओट्याशी उभीच. माझी लेक म्हणाली, "आजी, सिट डाउन ना, इट्स गेटिंग कोल्ड." तेव्हा कुठं ती बसली. भाकरीला बोट लावलं आणि ताट दूर केलं.

"गरम नाही गं जमत मला. तोंड पोळतं."

जन्मभर तव्यापुढे उभी राहिलेली बाई, आणि तिला गरम भाकरी खाण्याची सवयच नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं ती भाकरी माझ्या ताटात ठेवली. "तू खा ही. तुलाही त्यांच्यासारखी तव्यावरचीच लागते. मी मागाहून घेते."

हे पत्र असंच राहू दे. तुमच्या हाती पडलं असतं तर तुम्ही आधी शुद्धलेखन तपासलं असतं. फक्त एक सांगायचं राहिलं. ती भाकरी मी परत केली नाही. तिच्यासमोर बसून सगळी खाल्ली, आणि फार छान लागली, बाबा.