कॉलरच्या आतला शब्द

३ मार्च
महिन्यापूर्वी आलेला सर्जन फारच शिष्ट! आज जिन्यात म्हटलं, "नमस्कार डॉक्टर" — मान वळेल तर शपथ. उजवा हात खिशात, नाक वर. मी नाव ठेवलं जिराफ.
नातीला विचारलं, असल्यांना इंग्रजीत काय म्हणतात गं?
"स्नॉब. स्वतःला मोठा आणि बाकीच्यांना कचरा समजतो ना, तो. पण आजी, तोंडावर नाही हं म्हणायचं. पाठीमागे म्हणायचं."
कागदावर अक्षरं काढून घेतली.

४ मार्च
म्हटलं, पाठीमागेच! हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कोटांवर खुणेचे नंबर मीच शिवते. जिराफाच्या कॉलरच्या आत, नंबराखाली, लाल दोऱ्याने घातला शब्द. इस्त्रीवालीला हसून हसून उचकी लागली.

८ मार्च
तपासणीचा निकाल आला. माझ्या गळ्यातली गाठ काढायचीच म्हणे. आवाज जाऊ शकतो. आणि कापणार कोण? जिराफ! तो कोट त्याच्या अंगावर. आई गं!

९ मार्च
कोट धुवायला आला नाही.

१० मार्च
आजही नाही. वाचलं असेल तर? सुरी त्याच्या हातात, गळा माझा. आवाज गेला तर चिडवू कशी, भांडू कशी? भिंतीसारखी बसून राहू?
हे गेले तेव्हाही मी इतकी गप्प नव्हते. इस्त्रीवाली म्हणाली, "काय बाई, आता तूच स्नॉब झालीस की! विचारलं तरी बोलत नाहीस." गाठीचं तिला माहीत नाही. तोंड उघडलं असतं तर रडले असते. मान ताठ करून निघून आले.
जिन्यात थबकले. अशीच मान — जिराफाची!

११ मार्च
कोट आला. शब्द जागच्या जागी. उजव्या खिशाचं अस्तर आतून फाटलेलं, नखांनी. दर धुण्याला मीच शिवते तो खिसा, कधी डोक्यात आलं नाही. हा माणूस मूठ आवळून फिरतो. घाबरतो!
अगं बाई — मग माझं काय होणार?
शब्द उसवला. खिशाला दुहेरी जाड कापड लावलं. सुई दोनदा बोटात गेली.

१२ मार्च
उद्या सकाळी ऑपरेशन. नातीशी आजच बोलून घेतलं. चिडवायचं राहिलं होतं, तेही उरकलं. ती हसली नाही.

१५ मार्च
डॉक्टर खाटेशी आले. हात खिशाबाहेर. कॉलरकडे बोट करून हळूच म्हणाले, "मावशी, उसवलात का हो? त्या शब्दामागे लपायला बरं होतं."
मला हसू फुटलं. खरखरीत, फाटकं — पण ऐकू आलं!