चुलीवर टांगलेली गिटार

अक्कलकुवा, ता. २० मे १९३६

तीर्थरूप चुडामणदादांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे भटूचा, जमिनीला डोके टेकून नमस्कार. आपला दमा, वहिनींचे गुडघे आणि धुळ्यातले पाणी या तिन्हींची खुशाली कळवावी. माझी विचाराल तर मी आहे. या उन्हात याहून जास्त काही म्हणवत नाही.

गिटार पोचून तीन महिने झाले तरी मी उत्तर धाडले नाही, याचा राग येणे साहजिक आहे. पण दादा, मी दमलो आहे. गेल्या सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपली बहीण कौसा माहेरी गेली ती परतलीच नाही. जाताना म्हणाली, "सांजले घरमा सूर धरनारं कोनी नही, ते मी या रानमा भिताडसंगे गाऊ का?" मला ते पटले. मी जंगल खात्याचा कारकून, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. वाजवायला शिकायचे तर डोंगरात, घोड्यावरून उतरल्यावरच शिकणार. तेव्हा वाद्य असे हवे की जे प्रवासाला, उन्हाला आणि इथल्या दमट हवेला पुरून उरेल. कौसा परत यायची तर हे झालेच पाहिजे, एवढे मी मनाशी धरले आणि वाद्य धाडा म्हणून आपल्या मागे लागलो.

सतारीचे आपल्याला ठाऊकच आहे. (भोपळा भर दुपारी असा फुटला की नाक्यावरचा शिपाई बंदूक घेऊन धावत आला.) पेटीचे मात्र मी लपवले होते. श्रावणात तिची काळी दोनची पट्टी फुगून जी आत बसली ती वर येईना. भाताही उंदरांनी कुरतडला, त्यात वारा शिरत राहिला, आणि साहेब तपासणीला आले तेव्हा कोपऱ्यातून ती तासभर रडत होती. साहेबांनी विचारले, घरात कोणी आजारी आहे का? मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

म्हणून आपण परत विलायतेला निघालेल्या पाद्र्याकडून गिटार घेतलीत, आणि निवड चोख होती हे मी कबूल करतो. फुटायला भोपळा नाही, कुरतडायला भाता नाही. खुंट्या लाकडाच्या नाहीत, दातेरी पितळी चाकांच्या, म्हणजे पावसात फुगायच्या नाहीत. खांद्याला अडकवून घाट चढता येतो. फक्त फळ्या चिकटवणाऱ्या सरसाचे आपल्या ध्यानात आले नाही. चैत्रातल्या उन्हाने तो पाघळला आणि पाठीची फळी एका बाजूने उचलली गेली. मी ती सुतळीने आवळून डोक्याला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात वरच्या पाड्यावरची रूपलीबाई मध घेऊन आली. तिने गिटार उलटसुलट करून पाहिली, सगळीकडून ठोकली आणि निकाल दिला, "हाई चूलवर टांगी दे. धूर खाईसन मजबूत व्हई." तिच्या घरातले धनुष्य, टोपल्या, भोपळे, सगळे चुलीवरच्या धुरात वर्षानुवर्षे टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी गिटार तिच्या हवाली केली आणि आठ दिवसांच्या फिरतीवर गेलो.

परत येऊन पाहतो तर फळी घट्ट बसलेली, अंग काळेभोर, आणि मधले भोक शेणाने लिंपलेले! आत मका, वाल आणि दुधीचे बी. एकट्या रूपलीबाईचे नाही, पाड्यावरच्या सहा घरांचे. गेल्या साली उंदरांनी बियाणे खाल्ले होते, आणि गिटारीच्या गुळगुळीत दांड्यावरून उंदीर घसरून पडतो म्हणे. मी खाली काढा म्हणालो, तर म्हातारी हादरलीच. पेरणीची पूजा होण्याआधी उतरवलेले बी उगवत नाही, अशी त्यांची श्रद्धा. सहा घरांच्या भाकरीपुढे माझे सा रे ग म काय बोलणार? मी चहा पिऊन परत आलो.

तेव्हा निवडीत आपली चूक काहीच नाही. वाद्य टिकले. मीच टिकेन की नाही एवढी शंका आहे.

आपला आज्ञाधारक,
भटू

ता. क. रूपलीबाईला पुढल्या सालासाठी आणखी एक गिटार हवी आहे. भोक जरा मोठे असावे, वाल अडकतात.

दुसरा ता. क. मला मात्र आता वाद्य धाडू नका. निघताना रूपलीबाईने सहज विचारले, "बाई ते घरमा गास. मंग बाजा घोडावर कसाले फिरी ऱ्हायना?" दादा, वर्षभर तीन वाद्ये पारखली, पण हा प्रश्न ना मला सुचला ना आपल्याला.  मग फिरती सोडून नाक्यावरची बैठी जागा मागून घेतली. हुद्दा एक पायरी खाली गेला. कालपासून तिथे आहे.

तिसरा ता. क. मला तिच्याशिवाय करमत नाही, हे तिला लिहायला धजत नाही म्हणून आपल्याला इतकी पाने. कौसाला एवढेच सांगा की मी आता रोज संध्याकाळी घरी असतो. वाजवता अजून काहीच येत नाही.