ठिपक्याकडे बघताना

४ मे
पोचले बाई एकदाची शेर्वॉय बेटावर. बोटीतून उतरते तर धक्क्यावर ओस्लौग हजर, हातात गरम वाफल्सचा डबा. डोळ्यांच्या दवाखान्याचं सगळं हीच बघते. वय चौसष्ट, तोंडाचा पट्टा अखंड. तुझ्याआधीची दोन महिन्यांत गेली, तू निदान उन्हाळा तरी काढ, म्हणाली. मी म्हटलं, हाकलल्याशिवाय जायची नाही मी. काम आवडीचं, डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायचं. डॉक्टर तूर्लाइफ लाजाळू आहेत, बोलताना माझ्या कानाकडे बघतात. त्यांना आधीच सांगून टाकलं की माझा डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे, सगळी भिस्त उजव्यावर. मग त्याला जप, एवढंच म्हणाले.

११ मे
पेशंट बहुतेक म्हातारे कोळी. पडद्याचा मधला भाग खराब झालेला. प्रत्येकाच्या घरी चौकटींचा कागद असतो, मधोमध काळा ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून ठिपक्याकडे टक लावायची, रेघा जिथे वाकड्या दिसतील तिथे तशा पेन्सिलीनं काढायच्या. महिन्यानं तो कागद आम्हाला आणून द्यायचा. ओस्लौगचा नियम असा की कागद पालथा घ्यायचा आणि पालथाच फाइलला लावायचा. का, तर म्हणे पेशंटची खाजगी गोष्ट. अगं, मी त्यांच्या बुबुळाच्या आत शिरून बघते, कागदाची कसली लाज? ऐंशीचा एदविन हसून म्हणाला, या पोरीची जीभ माझ्या सुरीपेक्षा धारदार.

१९ मे
आज पेशंट नव्हते आणि मला रिकामं बसवत नाही. कागद उलटे करून पाहिले. सगळ्यांच्या रेघा एकाच जागी वाकलेल्या, ठिपक्याच्या उजवीकडे खाली. आजार असं कधी करत नाही, प्रत्येक डोळ्याची तऱ्हा वेगळी असते. दहा कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले आणि सवयीनं डावा डोळा झाकून ठिपक्याकडे टक लावली. वाकड्या रेघा जुळून माणूस झाला. उभा. नुसते जुने कागद धरले तर लहान, नुसते नवे धरले तर मोठा.

२० मे
कॉफीच्या कपाची कड वाकडी दिसली. झोप कमी झाली असेल.

२३ मे
स्वतःच्या उजव्या डोळ्याचा फोटो काढला. पडदा लख्ख. तरी दाराची चौकट वाकते, आणि वाकते तिथे तो कागदावरचा माणूस असतो. एदविनकडे पाहिलं तर त्याच्या गालावर होता. ओस्लौगला सांगितलं. ती रागावली नाही. पालथा ठेव म्हटलं होतं ना गं, म्हणाली आणि रडायला लागली. 

२७ मे
डॉक्टर म्हणतात, तो आता मधोमध सरकलाय, उभा आहे तेवढी पडद्याची जागा लेझरनं जाळायची. कडेकडेचं दिसेल. वाचता येणार नाही, कुणाचा चेहरा दिसणार नाही. त्यांनी स्वतःचे दोन्ही डोळे जाळून घेतलेत, म्हणून ते कानाकडे बघतात. माझ्याआधीच्या मुलीनं ऐकलं नाही. तिला न्यायला आई आली, तर तिच्या डोळ्यांतून दुसरंच कुणीतरी आईकडे बघत होतं.

३० मे
आता तळहाताएवढा झालाय. मला एकच डोळा आहे. जाळला तर — नाही जाळला तर —

१ जून
जाळून घेतलं. दुखलं नाही. मधोमध राखाडी भोक आहे, त्यात तो नाही. बिनचेहऱ्याच्या ओस्लौगला मिठी मारून खूप रडले.

४ जून
अंदाजानं लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील. एदविन आला होता. किती वेळा जाळलं, मी विचारलं. सात वेळा, म्हणाला. एकदा जाळल्यावर तो गेला ना, मग सातदा कशाला?  तो म्हणाला, पोरी, जाळल्यानं तो जात नाही, त्याच्या नि आपल्या मधली भिंत जाते.

५ जून
भोकाच्या काठावर बोटं. चार. आतून धरलेली —
डॉक्टरांना फोन केला. महिन्यानं ये म्हणतात, अजून थोडं जाळू — महिना कुठला —

दुपार
दोन्ही हात. आता डोकं —
डोळा मिटायचा, बस, मिटूनच ठेवायचा — मिटतेय मी, पण पापणी कुणीतरी वर —